खुराड्याखालची चूल

आर्डवोर, हॅरिस बेट
मंगळवार, वारा थोडा पडल्यावर

प्रिय इफी,

थोरल्या बहिणीला द्यायचा तो सगळा मान, आणि त्यासोबत धाकट्या भावाची थोडी तक्रार, दोन्ही पोचावीत. माझी तब्येत बरी आहे, म्हणजे उजवा खांदा सोडला तर. त्याची हकीकत पुढे येईल. तुझे गुडघे काय म्हणतात? मोजे मिळाले. एक मोठा आहे आणि एक लहान, पण माझे पायही आता तसेच झाले आहेत. तुझं पत्रही मिळालं. न्यूझीलंडहून टपालाऐवजी एका बाईच्या हाती पत्र पाठवणारी, आणि त्या बाईचा मुक्काम माझ्याकडे आहे हे त्याच पत्रातून मला कळवणारी तू एकटीच असशील. पत्राचा शेवट मात्र मला मुळीच आवडला नाही. ("आता या गुडघ्यांनी काही माझं येणं होत नाही. पुढेमागे माझ्या दारातला एक दगड कुणाबरोबर तरी पाठवीन, तो आईच्या चुलीपाशी ठेव." हे काय लिहिणं झालं?) त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी तुझ्या ग्लेनिसबाईंचं ऐक.

बाई गुरुवारच्या बसमधून उतरल्या त्या डोक्यापासून पायापर्यंत चौकड्यांत. टोपी, मफलर, छत्रीसुद्धा. त्यांच्या मॅकॅस्किल घराण्याच्या ठरलेल्या चौकड्या म्हणे. (आपल्या गावचा शेवटचा मॅकॅस्किल जन्मभर एका तपकिरी कोटात वावरला.) दर उन्हाळ्यात असे मुळं शोधणारे येतात. मी त्यांना कुठलीतरी टेकडी दाखवतो, चहा पाजतो आणि परत बसमध्ये बसवून देतो. पण या बाईंनी टेकडी मागितली नाही. मी सूप वाढलं, तेव्हा त्यांनी पिशवीतून एक चपटा, पावाएवढा, नदीतला दगड काढून टेबलावर ठेवला. त्यांचे वडील तिकडे मेंढ्या पाळायचे, यंदाच गेले. वडिलांचे पणजोबा डोनल्ड इथलेच. जमीनदाराच्या माणसांनी त्यांना हुसकून लावलं, आणि चार पिढ्यांत कधी विझली नव्हती त्या चुलीवर पाणी ओतलं. आपल्या शेतावरचा दगड त्या चुलीवर ठेवावा, एवढीच वडिलांची शेवटची इच्छा. त्यासाठी बाई अर्धी पृथ्वी ओलांडून आल्या होत्या, आणि ती चूल कुठे आहे हे गावात फक्त मला ठाऊक. (तुलाही आहे. पण तू सोयीस्करपणे गप्प राहिलीस आणि हे लोढणं माझ्या गळ्यात बांधलंस.)

इफी, डोनल्डच्या चुलीवर आपल्या कोंबड्या बसतात. त्याच्या पडक्या भिंतींचे दगड घेऊन बाबांनी त्याच फरशीवर खुराडं बांधलं. त्यात वावगं काही नाही. इथे एकाचं घर पडलं की दुसऱ्याची भिंत उभी राहते, आपलं घरही तसंच उभं आहे. पण समोर पाहुणी सूप पीत असताना, तुमच्या पूर्वजांची चूल कोंबड्यांच्या विष्ठेखाली आहे, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? माझी जीभ काही रेटेना.

म्हणून शनिवारी मी त्यांना शेजारच्या फिनलेच्या जुन्या मेंढवाड्यावर नेलं. तीन पडक्या भिंती, समोर समुद्र, वर ढग. पूर्वजांनी निवडावी अशी जागा. "हीच," मी म्हणालो. बाई गुडघ्यांवर बसल्या, दगड ठेवला, वडिलांशी काहीतरी पुटपुटल्या आणि हुंदके देऊन रडल्या. मी समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. त्या दिवशी मला सूप गेलं नाही, आणि बाईंची फेरीबोट होती सोमवारी सकाळी.

मधे उरला रविवार. आणि आपल्याकडचा रविवार तुला सांगायला नको. वाळत घातलेले कपडे काढायचे नाहीत, चुलीत जाळायला पीटचं एक ढेकूळही आत आणायचं नाही. त्यात मी चर्चच्या वडीलमंडळातला, दुसऱ्यांना नियम पाळायला लावणारा. गेल्या वर्षी फिनलेने, तोही त्याच मंडळातला, शब्बाथाच्या दिवशी पीटची एक बादली आत नेली, तर मीच त्याला अर्धा तास सुनावलं होतं. पण आपल्याला धर्मपाठात शिकवलेलं आठवतं ना, गरजेचं आणि दयेचं काम चालतं म्हणून? मी बाईंना फिनलेबरोबर चर्चला धाडलं, माझा खांदा दुखतोय असं सांगितलं (दुखत नव्हता), कोंबड्या बाहेर हाकलल्या आणि फावडं घेऊन आत शिरलो. पन्नास वर्षांची घाण, इफी! बाबांनी एकदाही खरवडलेली नव्हती. फरशी लागेपर्यंत खांदा खरंच निकामी झाला.

आणि फिनले प्रार्थना संपताच आजाऱ्याच्या भेटीला हजर. मागे बाई. मी खुराड्यातून रांगत बाहेर आलो, डोक्यावर पिसं.

"वा! म्हणजे आता फावडं चालतं," फिनले म्हणाला. "माझी बादली तेवढी पाप!"

"दयेचं काम आहे," मी म्हणालो.

"कुणावर दया? कोंबड्यांवर?"

मग मी बाईंना सगळं सांगून टाकलं. बोलताना त्यांच्याकडे बघवेना, म्हणून कोंबड्यांकडे बघत होतो. फिनले तर खवळलाच. "माझ्या मेंढवाड्यात रडवलंस तिला? लाज कशी वाटली नाही तुला?" असं म्हणत त्याने रविवारचा कोट काढून कुंपणावर टाकला आणि दुसरं फावडं उचललं.

बाई मात्र शांत. म्हणाल्या, "मला कालच कळलं होतं. मेंढपाळाची मुलगी आहे मी. मेंढवाडा ओळखायला मला कागदपत्रं लागतात का?"

"मग रडलात कशाला?"

"बाबांसाठी रडले. शिवाय तुम्ही इतकं मनापासून खोटं बोलत होता, तुमचं मन मोडवेना." आणि पिशवीतून दगड काढला. मी समुद्राकडे तोंड करून उभा होतो तेव्हाच त्यांनी तो परत उचलला होता. "तुम्ही खरं सांगाल म्हणून सोमवारपर्यंत वाट बघायचं ठरवलं होतं. नाहीतर परत नेणार होते."

दगड फरशीवर बरोब्बर बसला. त्याच्या कडेची फरशी अजून काळी आहे, मी हाताने पुसून पाहिली, काजळी आली. बाईंनी तीच काजळी रुमालात बांधून घेतली. आता रडण्याची पाळी माझी होती, आणि मी रडलो. गावातली चर्चहून परतणारी मंडळी कुंपणापलीकडून वडीलमंडळातल्या आम्हा दोघांना फावड्यांसकट बघत होती, बघू देत.

तुझा भाऊ,
टॉर्मोड

ता. क. कोंबड्यांनी तेव्हापासून एकही अंडं दिलेलं नाही. त्यांना पडवीत हलवलंय, त्या अजून रागात आहेत.

ता. क. पाद्रीसाहेबांनी शुक्रवारी मला आणि फिनलेला बोलावलंय. फिनले म्हणतो, बोलायचं तूच, खोटं तुला छान जमतं. मी खरं सांगणार आहे.

ता. क. तुझ्या दगडाचं. आईची चूल मी रोज पेटवतो, तिच्यापाशी दगड ठेवायला जागा नाही. खुर्ची आहे. मे महिन्यात फेरीबोट हेलकावे खात नाही, बसचा ड्रायव्हर दारात सोडतो, आणि जिना चढायला नको म्हणून खालच्याच खोलीत झोपायची सोय मी केली आहे. दगड आला तर मी त्याच बोटीने परत पाठवीन. तू ये.