पिवळ्या काचेचं कपाट

मी, छपाईच्या दुकानाचा मालक, ज्याला गल्लीत सगळे मास्तर म्हणतात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. पुढे थोरल्याला शंका नको म्हणून सकाळीच डॉक्टरीणबाईंकडून तपासून घेतलं. त्या म्हणाल्या, "काळजी सोडली तर तुम्हाला काही झालेलं नाही." माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते रद्द समजावं. ते का केलं होतं, हे लिहायची लाज वाटते, म्हणून आधी सोपं ते लिहितो.

एक. दुकानावरच्या दोन्ही खोल्या आणि बँकेतली ठेव थोरल्या मुलाला. दुकानही तुलाच मिळेल असं मीच त्याला सांगून बसलो आणि त्याने ते विकायला गिऱ्हाईकसुद्धा पाहून ठेवलं आहे. त्याने काय रागवायचं ते माझ्यावर रागवावं. धाकट्या सुनेला यातलं काही माहीत नाही.

दोन. उभा पंखा शेजारच्या शिंप्याला. चौकटीवर ताणलेल्या जाळीला आम्ही स्क्रीन म्हणतो; तिच्यावर लेप देऊन वाळवायचा, मग उजेड देऊन, धुऊन त्यात अक्षरं उमटवायची. मी आयुष्यभर त्या याच पंख्यासमोर वाळवल्या. गल्लीतली धूळ ओल्या लेपावर बसायची, छपाईत ठिपके यायचे, आणि मी कापडाला नावं ठेवायचो. शिंप्याने पंखा वाऱ्यासाठीच वापरावा.

तीन. दुकान, टेबलं, चौकटी, शाया आणि वाळवणीचं कपाट धाकट्या सुनेला, पूर्ण मालकीने. माझा धाकटा गेल्यापासून दुकान तीच चालवते. कपाटही तिनेच केलं. आत अंधार, मंद ऊब आणि ओलावा ओढणारं यंत्र. धुतलेली स्क्रीन आधी फडक्याने टिपून घ्यायची, मगच आत. नुकताच लेप दिलेली तिच्यासोबत ठेवायची नाही, नाहीतर एकीचा ओलावा दुसरीला लागतो. लेपाची आडवी ठेवायची, छपाईची बाजू खाली. मग दार बंद. हे शेवटचं तेवढं मला जमलं नाही.

सारखं वाटायचं, आत काहीतरी बिघडतंय. दार उघडायचो, बोट लावून बघायचो. बाहेरची दमट हवा आत जायची आणि लेप ओलाच राहायचा. ती म्हणायची, "बाबा, झोपलेलं पोर आहे का ते, सारखं पांघरूण काढून बघायला?" धाकटा लहानपणी आजारी असायचा तेव्हा मी खरंच तसं करायचो. तिला त्यानेच सांगितलं असणार.

मग शर्यतीच्या शर्टांचं काम आलं. लेप कच्चाच राहिला होता, स्क्रीन धुताना अक्षरं सुटून मोरीत गेली. मी गिऱ्हाइकासमोर म्हणालो, "हिच्या हातात दुकान दिलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं." ती म्हणाली, "चुकलं माझं. उद्या देते." कपाट कोणी उघडलं ते तिला ठाऊक होतं. उरलेल्या लेपावर माझं बोट उमटलं होतं.

दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप. शिंपी दारातून ओरडला, "काय मास्तर, घरच्या घरात बंदी?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तडक वकिलांकडे गेलो आणि मृत्युपत्र करून दुकान थोरल्याच्या नावे लिहिलं.

परत आलो तर ती कपाटाच्या दारात चौकोन कापत होती. केसांत भुसा. म्हणाली, "बरं झालं आलात. ही काच धरा जरा तिकडून." मी धरली. तिने कडेने रबर बसवलं, स्क्रू पिळले. साधा उजेड लेपाला चालत नाही, म्हणून काचेवर पिवळा पारदर्शक कागद लावला. आत ओलावा दाखवणारं यंत्र लावलं, मोठ्या आकड्यांचं, माझ्या डोळ्यांना दिसेल असं. समोर स्टूल ठेवलं.

"आता हवं तेवढ्या वेळा बघा. तुम्ही इथे बसलात की मलाही बरं वाटतं."

हे सगळं होईपर्यंत मृत्युपत्र माझ्या काखेत होतं. घामाने भिजलं होतं. तिचं लक्ष गेलं. "काय आहे ते? द्या, वाळत घालते."

मी म्हणालो, "काही नाही गं. विजेचं बिल."

तेव्हापासून रोज त्या स्टुलावर बसतो. आज सांगू म्हणून तोंड उघडतो आणि आकडे वाचून दाखवतो. "उतरला बघ ओलावा." "हो बाबा, लक्ष ठेवा." तिच्याकडे मान वर करून बघवत नाही.

चार. तिसरं कलम तिच्यासमोर मोठ्याने वाचू नये, तिच्या हातात द्यावं. ती वाचत असताना मी समोर नसेन. मृत्युपत्राचा एवढाच फायदा मला दिसतो.

पाच. त्या काचेच्या कडेचं रबर आकसलं आहे. हवा आत जाते, स्क्रीन वाळायला उशीर होतो. ती बोलत नाही, पण मला आकड्यांवरून कळतं. काच फक्त माझ्यासाठी होती, माझ्यामागे काढून टाकावी. त्या मापाची फळी मी कापून, घासून कपाटामागे ठेवली आहे. बसवताना पलीकडून धरायला दुसरं माणूस लागतं. ते थोरल्याने व्हावं. धरताना त्याच्या काखेत काही नसावं.

सही: मास्तर

साक्षीदार: डॉक्टरीणबाई, शाई पुरवणारे काका. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही म्हणतात, म्हणून शिंप्याची घेतली नाही.

ठिकाण: कपाटासमोरचं स्टूल.
तारीख: आज, सोमवार. आत चार स्क्रीन वाळत आहेत. दार बंद आहे.