मानेवरचा शिवदोरा

प्रिय आप्पा,

परवा सकाळी दुकानात गूळ तोलताना माझ्या उजव्या हातातून दोन किलोचं वजन निसटलं. गिऱ्हाईकाला ‘थांबा’ म्हणायला गेलो, तर जीभ वळेना. दहा मिनिटांत सगळं ठीक झालं, पण आईनं पाहिलं होतं. तुमचंही असंच सुरू झालं होतं ना? म्हणून तुम्हालाच लिहितोय. दुसऱ्या कुणाला सांगू?

आज बीडला त्याच सोनोग्राफी सेंटरात गेलो. टेबलही तेच. दोन वर्षांपूर्वी तुम्ही त्याच्या काठावर बसला होता आणि तपासणारा म्हणाला होता, “गळ्यातलं काढून ठेवा. मानेतल्या रक्तवाहिनीच्या भिंतीची जाडी मोजायचीय.”

तुम्ही गळ्यातल्या इष्टलिंगाच्या शिवदोऱ्यावर हात ठेवलात. “दीक्षा झाल्यापासून लिंग अंगावेगळं केलं न्हाई. आता मशीनसाठी करू व्हय? आन सोनोग्राफी तर बायांची अस्ती. माजं काय पोट आलंय?”

आई म्हणाली, “नगा काढू.” आणि मी? मी घड्याळ बघत होतो! तेलगावची एसटी चुकेल म्हणून. “बरं, पुन्हा कधी बघू,” म्हणालो आणि तुमचा सदरा तुमच्या हातात दिला.

सोळाव्या दिवशी तुम्हाला लकवा झाला. आधी बोलणं गेलं, मग दोन दिवसांत तुम्ही गेलात.

तुम्ही तरी किती हट्टी, आप्पा! दुकानात कितीही अडलेला सौदा तुम्ही हसत हसत जुळवायचात. इथंच कसे अडून बसलात? दोन वर्षं मनातल्या मनात भांडतोय तुमच्याशी.

आणि आज माझी काय गत झाली सांगू? डॉक्टरबाई म्हणाल्या, “मान मोकळी हवी,” तर माझाही हात वर जाईना! तपासणी न करता उठून जावं असंच वाटलं. बाई म्हणाल्या, “आमच्या शेजारचे काका पूजेला लिंग तळहातावर घेतात. तुम्हीही तसंच घ्या ना. अंगावरच राहील.”

रोज सकाळी तुम्ही दुसरं काय करत होतात, आप्पा? डाव्या तळहातावर लिंग घेऊन अर्धा अर्धा तास बसायचात. लहानपणापासून पाहत आलो. मला कसं सुचलं नाही?

गळ्यातली लिंगाची चांदीची डबी दोऱ्यासकट डाव्या हातात घेऊन मी आडवा झालो. मानेला गार मलम लागलं. “गिळू नका, हलू नका.” पडद्यावर दोन बारीक रेषा दिसल्या. बाईंनी चित्र थांबवलं, दोन रेषांवर दोन फुल्या ठेवल्या, पुसल्या, पुन्हा ठेवल्या. डबी हातात ओली झाली. मला तुमचं वाकडं झालेलं तोंडच दिसत होतं.

“एक पॉइंट एक मिलिमीटर,” त्या म्हणाल्या. “तुमच्या वयाच्या मानानं भिंत जाड आहे. पण आतला रस्ता मोकळा आहे. वेळेवर आलात. गोळ्या आजपासून, आणि तंबाखू बंद.”

वेळेवर! बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि रडलो.

आप्पा, तुमचा शिवदोरा गळ्यातून उतरला तो एकदाच. समाधीच्या खड्ड्यात तुम्हाला बसवलं तेव्हा. विधी करणाऱ्या स्वामींनी सांगितलं आणि मीच तुमचं लिंग डाव्या तळहातावर ठेवलं, वरून बोटं मिटवली. तेवढंच तर करायचं होतं. अठरा दिवस आधी.

आईचं डोकं हल्ली गरगरतं. तिलाही तपासायला नेतो म्हटलं, तर म्हणाली, “लिंग काढायची न्हाई, आधीच सांगते.”

“काढू नको. हातात धर,” मी म्हणालो.

ती म्हणाली, “मंग त्यांना कावून न्हाई सांगितलंस?”

सोमवारी तिला घेऊन जातोय, आप्पा. तिची तपासणी होईपर्यंत तिथून हलणार नाही. घड्याळ घरी ठेवून जाईन.

तुमचा,
महादू