शेवग्याचा पाला आणि हिरवा शिक्का

तिरुच्ची, २३ जून

चि. नेडुमारन यास,

आशीर्वाद. या वेळी एकच, अनेक नाहीत.

आम्ही ठीक. अम्माचे गुडघे कुरकुरतात. रविवारी तिने तुझ्या आवडीचं चिंचेचं कुळंबू केलं नि तुझीच चौकशी करत जेवली.

पर्यावरणाच्या हिरव्या शिक्क्यासाठी मदुराईहून तू पाठवलेले कागद आमच्या मोजणी केंद्रात नेमके माझ्याच टेबलावर आले. चांदीच्या क्षारात शेवग्याच्या पाल्याचा रस, मग मायक्रोवेव्ह, की चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार! पर्यावरणाला काडीचा त्रास नाही! वा रे शहाण्या. पाला घातला की सगळं हिरवं होतं, हे तुला कोणी शिकवलं?

विजेचा मीटर तू फक्त मायक्रोवेव्हला लावलास. टिंग वाजलं, तुझी मोजणी संपली. मग कण धुवायला पिंपभर ॲसिटोन कोणी ओतलं, तुझ्या सासऱ्याने? ते रात्रभर घरघरणारं वाळवणीचं यंत्र काय हवेवर चालतं? आणि वजन तरी कण धुऊन-वाळवून करायचं! तू धुण्याआधीच, ओल्या गाळासकट, पाल्याच्या चोथ्यासकट केलंस. चांदी फुगली, त्यामुळे ग्रॅममागची वीज कागदावर घटली. पहिल्या वर्षाची पोरं असं करतात. मठ्ठ कुठला!

मी सगळं पुन्हा मोजलं. गॅसवरच्या पातेल्यातली जुनी पद्धत तुझ्यापेक्षा स्वच्छ निघाली. मला हसू आवरेना.

फोनवर म्हणालास, "अक्का, तुझी एक सही दे गं. हिरवा शिक्का नाही मिळाला तर कारखाना गेला, मी संपलो."

मी म्हटलं, "आधी मोजायला शीक, गाढवा."

तू हसलास. मलाही बरं वाटलं.

मग तुझ्या पूंगोडीचा फोन आला. बिचारी सहज बोलून गेली, "वन्सं, वाळवणीच्या यंत्रालाही मीटर लावला होता यांनी. आकडा बघितला नि उपटून टाकला. त्या दिवशी जेवलेसुद्धा नाहीत."

म्हणजे तुला मोजता येतं.

तरी इतका वेळ मी तुला मठ्ठ, गाढव म्हणत बसले, कारण मठ्ठ भाऊ मला चालतो. दुसरा शब्द तुला लिहायला हात धजत नाही. केंद्राच्या अहवालात मात्र मी तोच लिहिला आणि खाली सही केली. सही हवी होती ना तुला?

अम्माला काही सांगितलेलं नाही. ते तू येऊन सांग, तिच्या तोंडावर.

तुझी,
अक्का