शाळेला कुलूप, गाण्याला नाही

५ जून
इमारतीचे खांब बदलायचेत. शाळा बंद होणार – किती महिने, कोणालाच ठाऊक नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "गणित-भाषेचं कसंतरी भागवू. गाणं राहू द्या." मागे पुरामुळे शाळा बंद होती, तेव्हाही हेच 'राहू द्या' – परत आलो तर समूहगानाला निम्मी पोरंही उरली नव्हती. यंदा आणखी गळाली तर गाण्याचा तासच जाईल म्हणे. बघतेच कसा जातो! कंबर कसली आहे.

८ जून
गल्लीप्रमाणे गट पाडले, प्रत्येक गटाला एक म्होरक्या. आमची चिमणी – आवाज एवढासा, पण सुराला पक्की – तिला म्होरकी नेमलं तर रडकुंडीला आली. "बाई, माझं कोण ऐकणार?"
"नाही ऐकलं तर पुन्हा गा."
गाणं घरीच रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवलं. ऐन दुसऱ्या कडव्यात सासूबाई दारातून हातवारे करायला लागल्या – दूध उतू चाललंय! मी थांबले, खुणेनेच 'गॅस बंद करा' सांगितलं, पुढे गायले. पुन्हा पहिल्यापासून कोण गाणार! तसंच दिलं पाठवून.

१९ जून
शाळेला कुलूप.

१४ जुलै
चिमणीचा गट तिच्या इमारतीच्या जिन्यात गातो. आज खाली उभी राहून चोरून ऐकलं. "कोण घसरतंय? चला, पुन्हा!" – चिमणी! थेट माझाच खाक्या! वर न जाताच परतले. रस्ताभर एकटीच हसत होते.

२ नोव्हेंबर
शाळा उघडली. सगळे गट पटांगणात पहिल्यांदाच एकत्र गायले. एक पोर गळालेलं नाही! आणि दुसऱ्या कडव्यात सगळे एकदम थांबले. विसरले की काय! मग सगळे एकदम उचलून पुढे. अरे देवा – हा तर दुधाचा थांबा! घरोघर तोही इमानेइतबारे पाठ केलेला!
मुख्याध्यापिका डोळे पुसत म्हणाल्या, "ती मधली शांतता काय बसवलीत हो बाई!"
"मेहनत आहे," म्हटलं.
गाण्याचा तास कायम! घरी सांगितलं, तर सासूबाई म्हणतात, "मग माझाही सत्कार करा."

५ नोव्हेंबर
मुख्याध्यापिकांनी बोलावलं. संस्थेच्या नदीपलीकडच्या शाळेत गाणं बंदच पडलंय. सोमवारपासून मी तिकडे – कायमची. "इथली मुलं काय, तुमच्याशिवायही गातात!"
खरंच गातात. हो म्हटलं.
बाहेर आले तर सराव सुरू झालेला – माझी वाट न बघता. दाराशी उभी राहून पोटभर रडले.