खलाशाचं शेवटचं प्रकरण

तीर्थरूप बाबा,
वैजूचा नमस्कार. आई बरी आहे, जेवतेही नीट. तुम्ही यायची घाई करू नका.

परळला आम्ही उतरलोय त्या धर्मशाळेत पुस्तकांचं कपाट आहे. इथली रीत अशी, की पेशंट बरा होऊन घरी निघाला की वाचून संपवलेलं पुस्तक परत ठेवून जातो. आईनं आधी एक कादंबरी काढली. "ही बाई नुसती रडतेय," म्हणून लगेच ठेवली. मग एका कोकणी खलाशाचं आत्मचरित्र सापडलं. आता जेवतानाही हातात तेच!

काल त्यातून एसटीचं जुनं तिकीट पडलं. कुणाचं तरी वाचन अर्ध्यावरच राहिलं होतं. मी ते पटकन लपवलं, पण आईनं पाहिलंच. "दे इकडे, खुणेला होईल," एवढंच म्हणाली.

तुम्ही गोळ्या घेताय ना? मनीला पिल्लं झाली का?

ऑपरेशन शुक्रवारी सकाळी आहे. डॉक्टर फारसं बोलत नाहीत, घाईत असतात, एवढंच. पुस्तकाचं एकच प्रकरण उरलंय. मी म्हटलं, "संपवून टाक की." तिनं तिकीट आत घातलं, पुस्तक उशीखाली सरकवलं आणि म्हणाली, "शनिवारी वाचेन."

बाबा, गुरुवारीच या.

तुमची,
वैजू