स्टुलाखालची घडी

सोमवार, ३ तारीख

या रोजनिशीची सुरुवात मी जाहीर निषेधाने करतो. ज्या आसनावर बसून मला पुढचे वीस दिवस गावोगाव ड्रम बडवायचे आहेत, ते आसन डुगडुगतं. चार पायांचं लाकडी स्टूल, त्यातला मागचा डावा पाय बोटभर तोकडा. समोर हजार माणसं नाचणार, दिवे भगभगणार, आणि या सगळ्या क्रांतीचा पाया म्हणजे मी, होडीतल्या प्रवाशासारखा हिंदकळत बसणार. नवं स्टूल मागितलं, तर बँडच्या पोरांनी असे चेहरे केले की जणू मी त्यांच्या आजीला भंगारात काढायला सांगितलं. स्टूल म्हणे लकी आहे.

पायाखाली आधीच्या कुणीतरी कागदाची जाड घडी सरकवली होती. मी ती उपसून काठ्यांच्या पिशवीत टाकली आणि तिच्या जागी रबराचा तुकडा लावला. सतरा वर्षं शाळेत संगीत शिकवलेल्या माणसाच्या खिशात रबर असतंच.

बाकी झकास! त्यांचा ड्रमर अचानक गेला, कुणीतरी माझं नाव सुचवलं, आणि शेहेचाळिसाव्या वर्षी मी रॉक बँडमध्ये. बायको म्हणाली, जा, नाहीतर म्हातारपणी मलाच ऐकवशील. लेकीने विचारलं, बाबा, केस वाढवणार का? म्हटलं, आधी असलेले टिकवू दे.

बुधवार, ५ तारीख

माणसं लिहून ठेवतो. गायकाला सगळे महाराज म्हणतात, कारण तो स्वतःची बॅग उचलत नाही. गिटारवाला बांबू, उंचीमुळे. बेस वाजवणारी चिमणी दिवसाकाठी चार वाक्यं बोलते, त्यातली तीन चार्जरबद्दल. तिघांची वयं मिळून माझ्यापेक्षा थोडी जास्त. मॅनेजरबाईंना सगळे ताई म्हणतात, गाडीही त्याच हाकतात. मला ‘दादा’ म्हणतात.

पहिल्याच दिवशी मला टी-शर्ट मिळाला, पाठीवर ‘दादा’ छापलेला. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. आज अंगात घातल्यावर लक्षात आलं की कापड धुऊन धुऊन पार मऊ झालंय. नव्या माणसाला नवा शर्ट इतका जुना कुठून मिळतो?

दौरा म्हणजे काय, तर गाडीत बसून पाठ दुखवायची, मग स्टुलावर बसून तीच पाठ वेगळ्या जागी दुखवायची. दुपारी साउंड चेक, संध्याकाळी कार्यक्रम. मधे सहाच्या ठोक्याला लेकीचा फोन. आमची जुनी पद्धत आहे: फोन आधी कुणी ठेवायचा यावरून भांडण नको, म्हणून मी एक, दोन, तीन म्हणायचं, तिने ‘चार!’ ओरडायचं आणि दोघांनी एकदम ठेवायचा. तेविसाला मी घरी. तिला सायकल शिकवायची आहे. कॅलेंडरवर तिने तेविसाभोवती इतके गोल काढलेत की आकडा दिसत नाही म्हणे.

शनिवार, ८ तारीख

कामाची एक गोष्ट. वाजवताना माझ्या कानात इअरफोनचं एक बोंडूक असतं. त्यात ठेक्याची टकटक येते, आणि प्रत्येक गाण्याआधी रेकॉर्ड केलेला आवाज मोजतो: एक, दोन, तीन, चार. हे ऐकू येतं फक्त मला. सगळेच बँड करतात, त्यात नवल नाही.

नवल असं, की बारा गाणी आहेत आणि मोजणारे आवाज अकरा. दर गाण्याला निराळा माणूस. एकाचा आवाज घोगरा, एकाला सर्दी, एकजण ‘तीन’ असं म्हणतो की त्याला बहुतेक घरी कुणी बोलूच देत नसावं. बाराव्याला आवाजच नाही, ते मी काठ्या आपटून सुरू करतो.

बांबूला विचारलं, ही एवढी मंडळी कोण? तो म्हणाला, आधीचे दादा.

आधीचे किती? त्याला गिटारची तार बदलायची होती. तार धडधाकट होती, मी बघितली.

मंगळवार, ११ तारीख

शाळेत असताना कॉपी पकडण्यात माझा हात कुणी धरत नसे. तीच पद्धत वापरली: तिघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न. शेवटचा ड्रमर का गेला? महाराज म्हणाला, लग्न ठरलं. बांबू म्हणाला, पाठीचा त्रास. चिमणीने आजचं चौथं वाक्य माझ्यावर खर्च केलं: गेला कुठे?

ताईंना तिन्ही उत्तरं सांगितली. त्या हसल्या, म्हणाल्या, दादा, तुम्ही फार विचार करता, आधीचेही करायचे.

दुपारी साउंड चेकला अकरावं गाणं. कानातला आवाज म्हणाला, एक, दोन, तीन, चार. आणि मग, टकटक चालू असताना, हळूच: ‘स्टुलाखाली बघ.’

मी थांबलो. सगळे थांबले. फाइल पुन्हा लावायला सांगितली. नुसतं एक, दोन, तीन, चार.

पोरांचा चावटपणा असणार, म्हाताऱ्याची फिरकी. तरी सगळे चहाला गेल्यावर स्टूल उलटं केलं. खाली काही नव्हतं. माझं रबर होतं.

गुरुवार, १३ तारीख

आज सकाळी गाडीत सगळे एकदम गोड. पुढची सीट मला दिली. ताई म्हणाल्या, आम्ही ठरवलंय, तुम्ही आता कायमचे. बाराव्या गाण्याला तुमचा आवाज घालू या. फक्त चार आकडे, दादा, दोन मिनिटांचं काम.

मला संशय होता. हे लिहून ठेवतो, पुढे मीच मला मूर्ख म्हणू नये म्हणून. पण सतरा वर्षं दर संमेलनात पडद्यामागे पेटी ओढणाऱ्याला कुणी ‘कायमचे’ म्हटलं की संशय शेपूट हलवायला लागतो. शिवाय काय मागत होते? किडनी नव्हे, चार आकडे.

उद्या करतो म्हटलं.

शुक्रवार, १४ तारीख

केलं. हॉलच्या कपडे बदलायच्या खोलीत, माइकसमोर. एक, दोन, तीन, चार. एका झटक्यात झालं. तिघं दाराच्या काचेपलीकडे उभे होते. एरवी कुणाचं फोनवरून डोकं वर येत नाही, पण माझे ओठ हलताना तिघांचेही हलत होते.

चार म्हटल्यावर घशात काहीतरी सैल झालं. बटण तुटतं तसं.

शनिवार, १५ तारीख

नाश्त्याला हॉटेलच्या माणसाकडे चहा मागितला. तो हसला. पुन्हा मागितला. तो म्हणाला, साहेब, मोजताय काय?

मी चहाच मागितला होता. तिसऱ्यांदा बोललो आणि या वेळी स्वतःकडे कान दिला.

एक, दोन, तीन, चार.

दुसरं काही येत नाही. मनात वाक्य पूर्ण असतं. तोंडातून ते चार आकडेच, त्याच सुरात, जसे काल माइकमध्ये बोललो तसेच. कागदावर ‘डॉक्टर बोलवा’ लिहून त्याच्यापुढे सरकवलं. ताईंनी तो वरच्यावर उचलला आणि त्याला सांगितलं, दादांचा घसा बसलाय, हुशार माणूस आहे, कालपासून नुसता मोजतोय. तो पुन्हा हसला. सगळेच हसले.

सहा वाजता

लेकीचा फोन आला. म्हटलं, आईला दे. म्हटलं, मला न्यायला या, आत्ताच्या आत्ता या. मी ओरडत होतो.

तिकडून ती खिदळत म्हणाली, आज एवढ्या लवकर ठेवायचा, बाबा? बरं. ‘चार!’

आणि ठेवला.

रविवार, १६ तारीख

पुन्हा लावला. पुन्हा ‘चार!’ पाचव्यांदा बायकोने घेतला. म्हणाली, पोरीशी खेळ पुरे, जेवून घ्या, आवाज मात्र अगदी तरुण वाटतोय हं.

संध्याकाळी ताईंनी फोन चार्जिंगला म्हणून नेला. परत मागायचा तर कसा मागू?

आज बारावं गाणं वाजवलं. कानात मी होतो. मी मोजलं आणि मी वाजवलं. मोजणारा जास्त ठणठणीत होता.

सोमवार, १७ तारीख

हॉटेलवर खोल्यांच्या चाव्या चारच दिल्या. माणसं पाच, असं कुणी म्हटलं नाही. दुकानाचं काचेचं दार माझ्यासाठी उघडेना. मागून एक बाई आली, तिच्यासाठी उघडलं. तिच्याबरोबर आत गेलो, पुठ्ठ्यावर ‘मदत करा’ लिहून काउंटरशी धरला. काउंटरवाली पुठ्ठ्यापलीकडचं घड्याळ बघत होती. पुठ्ठ्यामधून.

काठ्या काढायला पिशवीत हात घातला आणि ती घडी हाताला लागली.

रबराचा तुकडा लावताना मी स्वतः काढलेली. स्टुलाखालची.

उघडली. बारीक अक्षर, पेन्सिलीचं. अकराव्या आवाजाचं. सगळं उतरवायला जीव नाही, एवढंच:

‘अकराव्याला मी आवाज दिला. तू बाराव्याला देऊ नकोस. मोजायला सांगतील त्याच्या आधी उतर. मलाही एकाने अशीच घडी ठेवली होती. स्टूल डुगडुगतं म्हणून मी ती तशीच राहू दिली, वेळेत उघडली नाही. वाचलंस तर परत लाव. एवढं देणं लागतोस.’

त्याने राहू दिली, मी काढली. दोघांनीही वेळेत वाचली नाही. दोघंही स्टूल सरळ करण्यात गुंग.

बुधवार, १९

काठ्या हातातून पडतात. पडल्याचा आवाज होतो. माझा होत नाही. काल कार्यक्रमात ड्रम माझ्याशिवाय वाजले — लोकांना काही फरक — टाळ्या पडल्या.

पेन्सिल अजून धरता येते. का कोण जाणे. त्यानेही पेन्सिलच वापरली होती.

महाराज आज गाडीत नवं गाणं गुणगुणत होता. तेरावं. त्याच्या गालावर लव आहे, नुसती लव — पंधरा दिवसांपूर्वी दाढी होती. होती ना?

शुक्रवार

ताई फोनवर बोलत होत्या. म्हणाल्या, अनुभवी माणूस हवाय, समजूतदार, शक्यतो घरसंसारी. आमची मुलं फार जीव लावतात.

उद्या दुपारी येतोय. शर्ट वाळत घातलाय.

शनिवार — तारीख —

बावीस असावी. उद्या तेवीस. तिने सायकल पुसून ठेवली असेल.

तो आलाय. टक्कल आहे, हसरा आहे, बायकोला फोनवर सांगतोय की पोरं गोड आहेत पण स्टूल फार डुगडुगतं. मी समोर उभा राहून सांगितलं सगळं. त्याने कान खाजवला.

सगळे चहाला गेलेत. स्टूल उलटं केलंय. माझं रबर काढून टाकलं. रबर लावून कुणी कुणाला काही सांगत नाही.

आता ही पानं फाडतो. त्याची चिठ्ठी आत, माझी पानं बाहेर. मागच्या डाव्या पायाखाली. थोडी जाडच होईल, मुद्दाम. सरळ बसली तर तू उघडणार नाहीस. डुगडुगू दे. चीड येऊ दे. काढ, उघड, वाच, आणि आकडे उच्चारू नकोस — आणि जमलं तर तिला एक फोन — नंबर पहिल्या पानाच्या मागे — नुसतं म्हण, बाबांनी सांगितलंय, ‘चार’ म्हणू नकोस, ठेवू नकोस —

पहिली घडी. लिहायला जागा आहे. दुसरी. तिसरी, आता फक्त ही कड उरली. देणं फिटलं, दादा. चौथी घातली की