ओव्हनमध्ये कार्ड भाजू नकोस

गेथिन,

मी चॅपलला निघालेय. आज पाहुणे उपदेशक आहेत. बोलता बोलता त्यांना सूर लागला की कुणी जागचं हलत नाही, त्यामुळे यायला सहा वाजतील. सूप शेगडीवर आहे.

ओव्हनला मात्र हात लावू नकोस. काल तू "ताई, तो मोठा ट्रे कुठंय?" विचारलंस तेव्हाच ओळखलं, तुझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर पुन्हा जांभळ्या रेघा आल्यात. त्यातलं जुनं ग्राफिक्स कार्ड भाजलं की सुटलेले सांधे जुळून ते पुन्हा चालतं, हे तुझ्या खेळगड्यांचं म्हणणं खरं निघालं, मान्य. तीन आठवडे चाललं. पण त्या दिवशी घरात जळका वास भरला, तेव्हापासून बाबांची धाप कमी झालेली नाही. खाणीतल्या धुळीने त्यांची फुप्फुसं आधीच खाल्लीत. आज सकाळी त्यांचे ओठ निळसर दिसले. ते म्हणतात, उजेडच तसा आहे.

चारला नर्स येईल. तिला ओठ दाखव, आणि कार्ड भाजल्याचंही सांग. मी अजून सांगितलेलं नाही.

नवं कार्ड घ्यायचं की हेच रेटायचं, याचा घोळ तू नाताळपासून घालतोयस. नवं घे रे राजा, नाहीतर खेळ बंद ठेव. मी आज तुम्हा दोघांसाठी प्रार्थना करणार आहे.

आणि बाबांना विचारू नकोस. मागच्या वेळी "भाज की पोरा, खाणीत याहून वाईट हुंगलंय," म्हणाले, आणि खोलीचं दार लावून खोकत बसले. आजही हो म्हणतील.

मेयरवेन